पिकअप : एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'पिकअप' हा शब्द दोन अर्थांनी रुळला आहे, आणि त्या दोन अर्थांची लिंगेही वेगळी आहेत. पहाटे बाजार समितीच्या दारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी, मागून उघडी असलेली गाडी ती 'पिकअप'. आणि चढावर मूठ पिळताच स्कूटर जी झेप घेते तो 'पिकअप'. पहिली ओझे वाहते, दुसरा हा वेगाचा गुण आहे. 'गाडीला पिकअप नाही' ही तक्रार गॅरेजमधल्या मिस्त्रीपासून महाविद्यालयातल्या प्राध्यापकापर्यंत सारेच करतात, आणि ती करताना कोणाच्याही डोळ्यांसमोर टोमॅटो नसतात. दोन्ही अर्थ इंग्रजीतूनच आले. पण आपण त्यांना दोन वेगळ्या खणांत ठेवले. जे ओझे वाहते ते वेगवान नसते आणि जे वेगवान असते ते ओझे वाहत नाही, अशी आपली एक जुनी समजूत आहे. शब्दाची ही वाटणी त्या समजुतीला सोयीचीच झाली.

हे दोन अर्थ पुन्हा एकाच गाडीत बसवण्याचा उद्योग अमेरिकेत अनेक माणसे हौसेने आणि हट्टाने करीत असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ, ताईंकडे महिनाभर राहिलो, तेव्हा तो उद्योग आम्हांला जवळून पाहावयास मिळाला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्रविद्येतील आमची मजल स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे कधी गेली नव्हती. ताईंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, दिवसा एका कारखान्यात अभियंता आणि रात्री स्वतःच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. त्याच्याजवळ २००२ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप आहे. या गाडीने तो कामावर जातो, मुलीला शाळेत सोडतो, घराच्या दुरुस्तीच्या फळ्या आणतो. आणि महिन्यातून एक-दोन रात्री हीच गाडी घेऊन ड्रॅग शर्यतीला जातो. 'हीच' या शब्दावर त्याचा भर असे. आमचा हा लेख त्या एका अवधारणार्थी 'च'विषयी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वाचकांपैकी अनेकांना हा विषय परका वाटेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी. फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच मागे हौदा बसवलेली मॉडेल टी १९२५ मध्ये विक्रीस आणली. तोवर शेतकरी आणि कारागीर मोटारीच्या मागचा भाग कापून स्वतःच हौदा जोडीत असत. पिकअपचा जन्मच मुळी अशा घरगुती फेरफारातून झाला आहे. पुढे ही गाडी शेतावरून शहरात आली, आणि आज अमेरिकेत ज्याने आयुष्यात गवताची पेंढी उचललेली नाही असाही माणूस ती वापरतो. ड्रॅग शर्यतीची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारी सुधारून वाळलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवीत. युद्धानंतर रस्त्यांवर या शर्यतींचा सुळसुळाट झाला, अपघात वाढले, आणि त्यांना रस्त्यावरून उचलून नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. शर्यतीचे स्वरूप अगदी साधे आहे. दोन गाड्या, सरळ पट्टा, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. उभ्या जागेवरून निघायचे आणि पलीकडचे टोक गाठायचे. वळण नाही, डावपेच नाहीत.

या साधेपणाचे टोक पाहावयाचे असेल तर 'टॉप फ्युएल' नावाच्या वर्गातील यंत्रे पाहावीत. त्यांची ताकद अकरा हजार अश्वशक्तीच्या आसपास मानली जाते. २००८ मधील एका प्राणघातक अपघातानंतर त्यांच्यासाठी अंतर कमी करून हजार फूट करण्यात आले, आणि ते अंतर ती चार सेकंदांच्या आत कापतात. प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडून पुन्हा जुळवावे लागते. अशा यंत्राचेही एक सौंदर्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या यंत्राला स्वतःच्या चाकांवर घरी जाता येत नाही. दुसऱ्या गाडीत घालून न्यावे लागते.

मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न कंपन्यांनीही केले. १९७८ मध्ये डॉज कंपनीने लाल रंगाची, दोन उभी धुराडी असलेली एक पिकअप काढली. ट्रकांना त्या काळी मोटारींपेक्षा सैल प्रदूषणनियम लागू असल्याचा लाभ तिला मिळाला होता. १९९१ मधली जीएमसी सायक्लोन तर दंतकथाच होऊन बसली. सहा सिलिंडरचे, टर्बो बसवलेले इंजिन, २८० अश्वशक्ती, आणि चारही चाकांना गती. त्या वर्षी 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने तिला फेरारीच्या गाडीसमोर उभे केले, तेव्हा पाव मैलात सायक्लोनने १४.१ सेकंद घेतले आणि फेरारीने १४.५. ही कथा भाच्याने आम्हांला पहिल्याच संध्याकाळी सांगितली. आम्ही विचारले, "मग तूही तीच का घेतली नाहीस?" तो म्हणाला, "मामा, तिच्या हौद्यात पाचशे पौंडांहून जास्त माल ठेवायला कंपनीचीच मनाई होती. म्हणजे सव्वादोनशे किलो. त्यात आईचं सामान आलं की संपलं." ताई आतून म्हणाल्या, "माझ्या सामानाचं नाव काढू नकोस." पण मुद्दा आमच्या ध्यानी आला. ज्या गाडीने फेरारीला मागे टाकले ती, आपल्या पहिल्या अर्थाने पाहता, नावापुरतीच पिकअप उरली होती.

भाच्याच्या गाडीत मूळचे ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन होते. कारखान्यातून निघताना त्याची ताकद २८५ अश्वशक्ती. याच घराण्यातील इंजिने १९९९ पासून जनरल मोटर्सच्या अक्षरशः लक्षावधी ट्रकांत बसली, त्यामुळे भंगारवाड्यात ती सहज मिळतात. भाच्याने तसेच एक ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे इंजिन भंगारातून आणले आणि दोन हिवाळे त्यावर काम केले. टर्बोचार्जर हे या कामाचे हृदय. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चक्रावर सोडायचा. ते चक्र फिरले की त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, तिच्या प्रमाणात जास्त इंधन, जास्त ताकद. टाकाऊ धुरातून बळ काढण्याची ही कल्पना आम्हांला फार आवडली. मात्र बळ वाढले की उष्णता वाढते, आणि उष्णता सर्वांत बारीक जागी घात करते. पिस्टनभोवती लोखंडी कडी असते, तिला रिंग म्हणतात. ती पूर्ण वर्तुळ नसते. तिच्या दोन टोकांत केसभर फट ठेवलेली असते. तापल्यावर कडी लांबते आणि फट मिटते. कारखान्याने ठेवलेली फट कारखान्याच्या ताकदीपुरतीच असते. ताकद दुप्पट केली आणि फट तेवढीच ठेवली, तर टोके एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनचा काठ फुटतो. म्हणून भाच्याने सोळा कड्या एकेक करून घासल्या आणि फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक केली. या कामाला त्याला दोन रात्री लागल्या. विस्तारासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते, ही गोष्ट त्याने आम्हांला कसलाही उपदेश न करता दाखवली, म्हणून ती लक्षात राहिली.

पण आम्हांला अधिक विचारात पाडले ते त्याच्या वहीने. गॅरेजच्या भिंतीला टांगलेल्या त्या वहीत प्रत्येक सुट्या भागासाठी एक पान होते, आणि प्रत्येक पानावर दोन रकाने. एकाचे शीर्षक 'शाळा', दुसऱ्याचे 'स्ट्रिप'. दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण झाल्याखेरीज तो भाग विकत घ्यायचा नाही, हा नियम. गिअरबॉक्सचेच उदाहरण घेऊ. शर्यतीसाठी तीन गतींचा एक जुना, दणकट गिअरबॉक्स उत्तम. तो हलका आणि भरवशाचा. पण त्यात महामार्गावर इंजिनाला सावकाश फिरू देणारी वरची गती नाही. रोज तासभर प्रवास करणाऱ्याचे कान आणि खिसा दोन्ही थकतात. म्हणून त्याने त्याच कुळातील चार गतींचा, वजनदार ट्रकांसाठी बनलेला गिअरबॉक्स निवडला आणि शर्यतीतील काही शतांश सेकंद आपण होऊन सोडून दिले. टायरांचेही तसेच. शर्यतीचे मऊ टायर कोरड्या पट्ट्यावर घट्ट धरतात आणि पावसात घात करतात. ते तो फक्त शर्यतीच्या दिवशी चढवतो. पिकअपचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसते, त्यामुळे ताकद जमिनीवर उतरण्याऐवजी चाके जागीच फिरतात. ज्या गाडीची घडण मागे ओझे असेल या हिशेबाने झाली, ती ओझ्याविना लटपटते.

इंधनासाठी तो मक्यापासूनचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल वापरतो. ते इंजिन थंड राखते आणि अवेळी पेट घेत नाही, म्हणून जास्त दाब सोसते. पण त्यात ऊर्जा कमी असल्यामुळे लिटरमागे अंतर कमी पडते. सारी जुळणी झाल्यावर मागच्या चाकांपाशी मोजलेली ताकद सहाशे अश्वशक्तीच्या पुढे गेली. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने अठराव्या शतकात रूढ केले, आणि घोड्याच्या दिवसभर टिकणाऱ्या कष्टांशी त्याचा संबंध आहे. क्षणिक जोर लावला तर एक घोडाही पंधराच्या आसपास अश्वशक्ती देऊ शकतो. म्हणजे मापातच रोजचे श्रम आणि क्षणाची झेप हा भेद दडलेला आहे. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या त्या दोन टनी गाडीला तीस-चाळीस अश्वशक्ती पुरतात. उरलेली साडेपाचशे महिन्यातून काही सेकंद जागी होतात.

ताईंना हे सारे मनापासून अमान्य. त्यांचे बालपण सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "शर्यतीचा बैल कुणी औताला जुंपत नाही रे. आणि औताचा शर्यतीत धरत नाहीत." भाचा हसला आणि म्हणाला, "खरं आहे, आई. पण मला एकच बैल परवडतो." यावर ताई काही बोलल्या नाहीत. आम्हांला वाटले, वादातला सगळ्यांत प्रामाणिक युक्तिवाद हाच. ज्यांना दोन गाड्या परवडतात त्यांच्यासाठी वेग ही वेगळी चैन आहे. ज्याला एकच परवडते, त्याला आपली हौस रोजच्या कामातूनच वाट काढून जगवावी लागते. 'हॉट रॉड' मासिकाने २००५ मध्ये सुरू केलेली 'ड्रॅग वीक' ही स्पर्धा याच तत्त्वावर उभी आहे. आठवडाभरात वेगवेगळ्या पट्ट्यांवर धावायचे आणि मधले हजार मैलांहून अधिक अंतर त्याच गाडीने, मदतीला दुसरे वाहन न घेता, रस्त्याने कापायचे.

परंतु ताईंच्या बोलण्यात एक भय होते आणि ते निराधार नव्हते. ड्रॅग शर्यतीच्या नियमांनुसार जुन्या गाडीने पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापला, तर आत 'रोल बार' म्हणजे लोखंडी नळ्यांची संरक्षक कमान बसवणे बंधनकारक होते. दहा सेकंदांच्या आत आले की पूर्ण पिंजराच लागतो. गाडी उलटली तर हीच कमान प्राण वाचवते. पण शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असते, रोजच्या रस्त्यावर नसते. साध्या धडकेत डोके त्या लोखंडावर आपटले तर वाचवणारी वस्तूच जीव घेऊ शकते. भाच्याच्या गाडीला पुढची एकच बैठक, आणि त्याच्या शेजारी सहा वर्षांची मुलगी रोज शाळेत जाते. गाडीत अकरा सेकंदांच्या आत येण्याची ताकद आहे, हे त्याचे मित्र त्याला दर शनिवारी सांगत. टर्बोचा दाब थोडा वाढवला की झाले. आम्ही त्याची वही उघडून पाहिली. रोल बारच्या पानावर 'स्ट्रिप' खाली बरोबरची खूण होती. 'शाळा' या रकान्यात मुलीची उंची लिहिलेली होती, सेंटिमीटरमध्ये, आणि पुढे काही नव्हते. त्या पानानंतर त्याने दाब कमी केला, आणि गाडी साडेअकराच्या अलीकडे येणार नाही अशी बांधून ठेवली.

एका शनिवारी रात्री आम्ही त्याच्याबरोबर गेलो. मक्याच्या शेतांच्या मध्ये दिव्यांनी उजळलेला पट्टा, जळत्या रबराचा वास, आणि कुटुंबेच्या कुटुंबे. त्या रात्री 'ब्रॅकेट' पद्धतीची शर्यत होती आणि तिचा नियम ऐकून आम्ही थक्क झालो. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत धावेल ते आधी जाहीर करायचे आणि काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायचे. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढी आघाडी संथ गाडीला मिळते. मग पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात आणि हिरवा लागतो. आणि खरी मेख पुढे : जाहीर केल्यापेक्षा लवकर पोहोचलात, तर बाद. म्हणजे जिंकायचे असेल तर आपण दिलेल्या शब्दाच्या जास्तीत जास्त जवळ यायचे, पण त्याच्या पुढे जायचे नाही. भाच्याने काचेवर ११.६२ लिहिले. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर एक वृद्ध गृहस्थ जुनी स्टेशन वॅगन घेऊन उभे होते. त्यांच्या काचेवर सोळाच्या पुढचा आकडा. ते निघून गेले तरी आमचा भाचा चार सेकंदांहून अधिक काळ उभाच. मग ती दोन टनांची गाडी मागच्या चाकांवर बसल्यासारखी झाली आणि गेली. टोकाशी तिने त्यांना गाठले, मागे टाकले, आणि फलकावर ११.६० उमटले. भाचा हरला. आपल्या शब्दापेक्षा दोन शतांश सेकंद लवकर पोहोचला म्हणून हरला. ते गृहस्थ येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले. परतताना तो म्हणाला, "मामी, हवा थंड झाली होती, ते मी मोजायला हवं होतं." थंड हवा दाट असते, दाट हवेत इंजिन जोरात चालते.

या छंदाची काळी बाजूही लिहिली पाहिजे. ताकदीच्या हव्यासापायी धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकण्याची प्रथा तिथे मोठी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० च्या अहवालात असा अंदाज दिला, की मागील दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांतून ही यंत्रणा काढली गेली. आपल्या ताकदीचा धूर दुसऱ्याच्या फुफ्फुसात सोडणे हे तर ताकदीचे सर्वांत ओंगळ प्रदर्शन. भाच्याची गाडी पेट्रोलवर्गातील आहे आणि तिची शुद्धीकरण यंत्रणा जागेवर आहे. वहीत तिच्यासाठीही एक पान आहे. पण एका वहीने प्रश्न सुटत नाही. आणि नियमांचा पट्टा सोडून रस्त्यावर शर्यत लावणारे आजही आहेत. ज्या अपघातांमुळे १९५१ मध्ये संघटना काढावी लागली, ते थांबलेले नाहीत.

आता हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे का मांडावे? आमच्या विभागात, आणि बहुधा आपल्याही, एक भिंत उभी राहिली आहे. एका बाजूस उपयोजित मराठी : अर्ज, बातमी, जाहिरात, निवेदन. दुसऱ्या बाजूस साहित्य. विद्यार्थी पहिलीकडे नोकरीसाठी जातात, दुसरीकडे गुणांसाठी, आणि क्वचित आवडीसाठी. आम्ही शिक्षकही दोन रकान्यांत शिकवतो, पण दोन्हींत खूण झाली पाहिजे असा आग्रह कोणी धरीत नाही. अर्जाच्या भाषेत झेप असू नये, आणि कवितेच्या भाषेने ओझे वाहू नये, असे जणू ठरून गेले आहे. वास्तविक आपली परंपरा याची साक्ष देत नाही. तुकाराम वाण्याच्या घरातले. देवघेवीची, मापाची, भांडवलाची भाषा त्यांच्या अभंगांत सरसकट येते आणि तिथे ती जड होत नाही. बहिणाबाई चौधरींची कविता जात्याशी आणि शेतात कामे करताना आली. दळणाचे शब्दच तिचे शब्द झाले. त्यांच्याजवळ रोजची एक भाषा आणि सणाची दुसरी अशा दोन भाषा नव्हत्या. एकच होती, आणि तिने दोन्ही कामे केली.

आम्ही चाळिशी ओलांडलेले अध्यापक आहोत. दिवसाचे चार तास, सत्राच्या उत्तरपत्रिका, समित्यांची इतिवृत्ते यांत लिहिण्याची ताकद कुठे गेली, असा प्रश्न आमच्या वयाच्या शिक्षकाला रात्री पडतोच. बरेच जण सुट्टीची वाट पाहतात, निवृत्तीची वाट पाहतात; वेगळी, केवळ लेखनासाठी राखलेली अशी एक गाडी कधीतरी घेऊ, असे मनाशी म्हणतात. ती बहुतेकांना परवडत नाही. उरते ती रोजचीच गाडी. तिच्यातच फट राखावी लागते, तिचाच दाब वाढवावा लागतो, आणि शेजारी कोण बसले आहे हे पाहून तो कुठे थांबवायचा तेही ठरवावे लागते. परतल्यानंतर आम्ही विभागाच्या इतिवृत्ताची वही नव्याने लिहिण्यास घेतली आहे. त्यातील वाक्ये सरळ असावीत, त्यांनी काम करावे, आणि कोणी मोठ्याने वाचली तर ऐकावीशी वाटावीत, एवढाच प्रयत्न आहे. गेल्या सभेत शिपाईकाकांनी ती वाचून विचारले, "हे कोणी लिहिलं?" आम्ही उत्तर दिले नाही. त्यांनी पान उलटले आणि पुढचे वाचू लागले.